आतोबा आणि नळाचं पाणी

पाणी पिणं ही साधी क्रिया आमच्या आतोबांना जन्मात कधी जमली नाही. चारचौघांना तहान लागली की ते पाणी पितात आणि आपल्या कामाला लागतात. आतोबांना तहान लागली की ते आधी पाण्याची चौकशी करत. कुठल्या विहिरीचं, केव्हा भरलेलं, कुठल्या भांड्यातलं, भांडं राखेनं घासलेलं की चिंचेनं, ही सगळी माहिती एखाद्या स्थळाची काढावी तशी काढून झाली की मग ते तांब्या उजेडात धरत. एक घोट तोंडात घेत, डोळे मिटत आणि तो घोट या गालातून त्या गालात फिरवत राहत. नवख्या माणसाला वाटे, यांना काही होतंय की काय, वाऱ्यावर नेऊन बसवावं का. मग घोट गिळून आतोबा निकाल देत. "बरं आहे" हा त्यांच्याकडचा सर्वांत वरचा निकाल होता. तो ज्यांच्या विहिरींना मिळाला ती घरं अजून त्याबद्दल बोलतात.

आतोबा म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव त्यांना नाना म्हणे. चौलला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती आणि वाडीत कौलारू घर. मला रेवदंड्याच्या हायस्कुलात मास्तरकी मिळाली, तेव्हा "खाणावळीत कशाला मरतोस" म्हणून आत्यानं मला घरातली वरची खोली दिली आणि अशा रीतीनं मी आतोबांच्या पाण्यात पडलो. त्यांनी सारी नोकरी मिठागरांच्या खात्यात काढली होती. जन्मभर खाऱ्या पाण्याच्या काठी बसून राहिल्यामुळे असेल, पण पाण्यात मिठाचा अंश असल्याची नुसती शंका आली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. प्रवासाला निघाले की बरोबर फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या. रेवसच्या लाँचवर लोक पोटात ढवळतंय म्हणून लिंबू चोखत बसत आणि हे मांडीवर तांब्या घेऊन, आतलं पाणी हिंदकळून त्याची चव बिघडू नये म्हणून, लाँच हलेल त्याच्या उलट बाजूला स्वतः हलत. लग्नाच्या पंगतीत लोक जिलबीबद्दल बोलत, हे पाण्याबद्दल. एकदा पेणला एका लग्नात त्यांनी भर पंगतीत यजमानांना जवळ बोलावून विचारलं, "स्वयंपाक उत्तम. पण हे पाणी आळशी आहे हो, जिभेवर बसून राहतं. कुठून आणलंत?" यजमान बिचारे मुलीच्या पाठवणीच्या घाईत होते. ते हात जोडून पुढे गेले आणि पुढे वर्षभर आतोबांशी बोलले नाहीत.

पंचक्रोशीत कुणी नवी विहीर खणली की पहिला पोहरा आतोबांसमोर येई. मी गेलो त्याच साली एका वाडीत असा प्रसंग झाला. भटजींची पूजा झाली, नारळ फुटला आणि मंडळी आतोबांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आतोबांनी घोट बराच वेळ फिरवला आणि म्हणाले, "पाणी गोड आहे. पण पलीकडच्या अंगाला चिंचेचं झाड असलं पाहिजे." झाड होतं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, एका म्हाताऱ्यानं तर आतोबांना नमस्कार केला. घरी येऊन मी हा चमत्कार आत्याला सांगितला, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "झाड केवढं आहे ते! गेल्या गेल्या दिसतं ते सगळ्यांना." आतोबांनी ओसरीवरून ते ऐकलं आणि तांब्या उजेडात धरला.

आत्याशी त्यांचं लग्न झालं तेही पाण्यावरच. ही हकीकत आमच्या घरात प्रत्येक समारंभात निघते. मुलगी पाहायला म्हणून ते आमच्या गावी आले. आत्या पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. आतोबांनी पोह्यांकडे पाहिलं नाही, मुलीकडेही धड पाहिलं नाही. शेजारचा पाण्याचा गडू उचलला, घोट घेतला, डोळे मिटले, आणि सगळे श्वास रोखून बसलेले असताना म्हणाले, "बरं आहे." आजोबांना वाटलं, मुलगी पसंत पडली. त्यांनी तिथल्या तिथे साखर वाटली. आतोबांना हा घोटाळा समजेपर्यंत याद्या होऊन गेल्या होत्या. "मला कुठं पसंत केलंय ह्यांनी? आमच्या विहिरीला केलं. मी आपली बरोबर आले," असं आत्या कायम म्हणायची, आणि म्हणताना दर वेळी पदरानं तोंड झाकून हसायची.

आता गंमत अशी की वाडीतल्या त्यांच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. खाडी जवळ, त्याला कोण काय करणार? ते पाणी रहाटानं पोफळींना जायचं. पिण्याचं पाणी टेकडीखालच्या देवळाच्या विहिरीचं. ती विहीर दोन वाड्या ओलांडून, पाखाडीच्या पायऱ्या उतरून पलीकडे होती. आत्या लग्न होऊन आली त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ते पाणी आणत होती. दुसऱ्या कुणी आणलेलं आतोबांना चालत नसे, कारण दुसऱ्यांच्या कळशा कशानं घासलेल्या असतात याची खात्री देता येत नाही. आत्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. ती पाणी घेऊन आली की हंडा उतरवता उतरवता तिचं सुरू होई. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा मुलगा बोटीवर लागला, कुणाच्या सुनेनं सासूला काय ऐकवलं. आतोबा ओसरीवर बसून घोट घोट पाणी पीत आणि ऐकत. मध्येच "मग सासू काय म्हणाली?" असं विचारत. संध्याकाळचा तो वेळ मला फार आवडायचा. वर वह्या तपासत बसलो असलो तरी मी त्या वेळेला खाली यायचो.

अशात गावाला नळ आला. पंचायतीनं समारंभ केला, नळाला झेंडूचा हार घातला, आणि सरपंचांनी मोठ्या विश्वासानं पहिला पेला आतोबांच्या हातात दिला. सगळा गाव बघत होता. आतोबांनी डोळे मिटले. घोट या गालातून त्या गालात गेला, आणि मग त्यांचा चेहरा कडू काढा पाजलेल्या मुलासारखा झाला. तरी माणूस शिष्टाचाराला धरून. ते म्हणाले, "पाणी आलं ही फार उत्तम गोष्ट झाली. आता त्याला चव आणायचं तेवढं बघा." सरपंच लालबुंद झाले. पण खोटं सांगत नाही, त्या पाण्याला पावडरीचा वास होताच आणि नव्या लोखंडाची चवही होती. बाकीचा गाव दोन दिवसांत त्याला सरावला. आपल्या दारात तोटी पिरगाळली की पाणी, यापुढे चव कोण बघतो? आतोबांनी मात्र नळाच्या पाण्यानं पाय धुण्यापलीकडे ओळख ठेवली नाही, आणि आत्या विहिरीवर जात राहिली.

पुढे पावसाळ्यात पाखाडीच्या पायरीवर आत्याचा पाय घसरला. हंडा, कळशी आणि आत्या तिघंही खाली आली. हंड्याला पोचा पडला आणि आत्याच्या कमरेत काहीतरी सरकलं. रेवदंड्याच्या डॉक्टरांनी तपासून बजावलं की यापुढे भरलेली कळशी उचलायची नाही. उचललीत तर कायमच्या अंथरुणाला खिळाल. आत्या म्हणाली, "आता काय नळ दारात आहे." आतोबांनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांनी नळाचं पाणी प्यायचा प्रामाणिक प्रयत्न सुरू केला, आणि सांगायला हरकत नाही, तो प्रयत्न बघवत नव्हता. तांब्या समोर घेऊन बसत, नाक दाबून घोट घेत, तो गिळला की जिवावरचं काहीतरी पार पडल्यासारखे मागे रेलून बसत. मग ते शहाळ्यांकडे वळले. सकाळी शहाळं, दुपारी शहाळं, जेवताना शहाळं. व्यापारी नारळ न्यायला आला तर माड रिकामे. आतोबा वाळत चालले. आणि एका सकाळी मी शाळेला निघालो असताना बेड्याशी, म्हणजे वाडीच्या फाटकाशी, पाहतो तर आत्या कळशी पदराखाली लपवून विहिरीकडे निघालेली, आणि आतोबा अनवाणी तिच्या मागे धावत. त्यांनी तिच्या हातून कळशी अक्षरशः हिसकावून घेतली. "अगं, जन्माची लोळागोळा होऊन पडशील!" ते ओरडले. मी त्यांना आवाज चढवताना प्रथमच ऐकलं. आत्या म्हणाली, "आणि तुम्ही असे सुकत चाललात ते मी बघत बसू?" आतोबांनी कळशी काखेत घट्ट धरली. नळाचं पाणी त्यांच्या घशाखाली उतरलं नाही तर ही बाई आज ना उद्या पुन्हा कळशी उचलणार, हे त्यांना त्या क्षणी पक्कं कळलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी गाळण्याचे जे प्रयोग सुरू झाले, त्यांच्यामुळे मला मास्तर असल्याचा पश्चात्ताप झाला. "तू मास्तर ना? मग सांग, लोखंडाची चव कशानं जाते?" मी मराठी शिकवतो हे त्यांना पटत नसे. पहिल्यांदा जुन्या धोतराच्या चार घड्या झाल्या. पाणी स्वच्छ झालं, पण त्याला धोतराची चव आली. मग तुरटी फिरवली. मग मडक्याला आतून निवळीची बी घासली. मग पाण्यात वाळा टाकला, मोगऱ्याची फुलं टाकली. ते पाणी मला आवडलं होतं, पण आतोबा म्हणाले, "हे प्यायलं की लग्नाला गेल्यासारखं वाटतं. रोज उठून कुणी लग्नाला जातं का?" मुंबईला चिनीमातीचे फिल्टर मिळतात असं कुणीतरी सांगितलं. किंमत ऐकून आतोबांनी कानांना हात लावला. पेन्शनीत बसणारं, आपल्या हातानं दुरुस्त होणारं आणि पाण्याला चव आणणारं असं काहीतरी त्यांना हवं होतं. शेवटी त्यांनी ठरवलं की लाकडी तिवईवर एकाखाली एक अशी तीन मडकी ठेवायची. वरच्यात कोळसा, मधल्यात नदीची वाळू, खालच्यात गाळलेलं पाणी.

मडकी नवी नकोत, नव्यांना मातीचा वास असतो, हे त्यांचं मत. धोंडू आमच्या वाडीत नारळ पाडायला यायचा. तो म्हणाला, "जुनी मडकी पायजेल तर हायत माज्याकडं, नाना. माळ्यावर पडल्यात कवाची. येकदम मुरलेली." ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक भांड्याचं कुळ-गोत्र विचारलं, त्यानं नेमकं याच मडक्यांचं विचारलं नाही. दारूबंदीचे दिवस होते ते. बंदीच्या आधी धोंडू माडावर चढायचा तो नारळासाठी नव्हे, माडीसाठी, आणि त्याची ती मडकी वर्षानुवर्षं ताज्या माडीनं भरलेली असायची. धोंडूला वाटलं, नानांना हे ठाऊकच असणार.

पहिल्या संध्याकाळी आतोबांनी तिवईचं पाणी चाखलं. एक घोट, मग दुसरा, मग तिसरा. "चव ओळखीची आहे, पण कुठली ते आठवत नाही," असं म्हणून त्यांनी शेजारच्या तात्यांना हाक मारली. तात्यांनी पेला तोंडाला लावला, थांबले, आतोबांकडे एकदा खोल नजरेनं पाहिलं आणि पेला रिकामा केला. "नाना, असंच पाणी पाहिजे," ते म्हणाले आणि दुसरा पेला मागितला. दुसऱ्या दिवशी तात्या दिवेलागणीलाच हजर. त्यांच्याबरोबर आणखी दोघं, फिल्टर बघायला. तिसऱ्या दिवशी ओसरी भरली. गावात एकाएकी शुद्ध पाण्याची एवढी ओढ निर्माण झालेली पाहून आतोबांचा ऊर भरून आला. खरं तर त्या पाण्यात माडीचा नुसता वासच होता, दुसरं काही नव्हतं. पण तात्या घरी जाताना गाणं म्हणत जायचे.

मग एक दिवस चौकीचे जमादार आले. टोपी काढून ओसरीवर बसले आणि म्हणाले, "नाना, तुमच्याकडं पाणी फार चांगलं मिळतं, असं ऐकतो."

"मिळतं की. घ्या ना," आतोबा आनंदानं म्हणाले आणि पेला भरून दिला.

जमादारांनी वास घेतला. सावकाश अर्धा पेला प्यायले. "हे पाणी कुठलं म्हणालात?"

"नळाचं. तुमच्या सरकारचंच."

"सरकारच्या पाण्याला असा वास?"

"वास कोळशाचा असेल," म्हणून आतोबांनी त्यांना तिवई दाखवली आणि कोळसा का, वाळू का, हे सगळं समजावून सांगितलं. जमादारांनी खाली वाकून मडक्यात नाक घातलं. "आणि मडकी?"

धोंडू तेव्हा अंगणात नारळ सोलत होता. तो तिथूनच म्हणाला, "मडकी माजी हायत, सायब. पन ती बंदीच्या आदीची. तवा माडीला गुन्हा म्हनत न्हवते."

आतोबांचे डोळे मोठे झाले, आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं समाधान पसरलं. "माडी! तरीच म्हटलं, चव ओळखीची आहे!" ते म्हणाले. मिठागराच्या नोकरीत तरुणपणी केव्हातरी चाखली असावी. स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. आत्या हसता हसता ओट्याशी बसली होती आणि कमरेला हात लावून "अगं आई गं, हसवू नका" म्हणत होती. जमादार भले माणूस होते. त्यांनी मडकी फोडायला लावली, पण हातातला पेला मात्र आधी संपवला. तात्यांनी पुढे आठ दिवस आमच्याकडे पाऊल टाकलं नाही.

मडकी फुटली तरी आतोबांची जिद्द फुटली नाही. ते मला घेऊन मुंबईला गेले. भांड्यांच्या बाजारात एका दुकानात चिनीमातीचे फिल्टर ओळीनं मांडले होते. आतोबांनी प्रत्येकातलं पाणी चाखायला मागितलं. दुकानदार म्हणाला, "काका, आपण भांडी विकतो, पाणी नाय विकत."

"मग चव कशी कळायची?"

"चवीचं काय काम? हा जंतू काढते."

"जंतू काढा हो, मी कुठं नको म्हणतो? पण जंतू काही मला जिभेला लागत नव्हते. मी चवीचं विचारतोय."

त्या दुकानदाराची मला अजून दया येते. त्याचं दुपारचं जेवण राहिलं, पण फिल्टर कसा चालतो हे आतोबांनी त्याच्याकडून पुरतं काढून घेतलं. सगळी करामत आतल्या मेणबत्तीसारख्या पांढऱ्या कांडीत आहे आणि बाकी नुसतं भांडं, हे कळल्यावर ते म्हणाले, "मग भांड्याचे पैसे कशाला द्या? भांडी घरात आहेत." आम्ही कांडी आणि एक तोटी एवढंच घेतलं. परतीच्या लाँचवर या वेळी मांडीवर तांब्याऐवजी कांडी होती, आणि आतोबा लाँचच्या उलट बाजूला तसेच हलत होते.

घरी आल्यावर त्यांनी आत्याचा दिवाळीच्या लाडवांचा मोठा पितळी डबा काढला आणि तांबटाकडून त्याच्या बुडाला भोक पाडून आणलं. आत्यानं कपाळाला हात लावला. माहेरचा डबा होता तो. त्यात कांडी बसवली, खाली दुसरा डबा, त्याला तोटी. नुसत्या कांडीनं पावडरीचा वास जाईना, तेव्हा आतोबांनी करवंट्या जाळून त्यांचा कोळसा कुटला, चार पाण्यांनी धुतला आणि पुरचुंडीत बांधून वरच्या डब्यात टाकला. थेंब थेंब करीत डबा भरायला दुपार झाली. आतोबांनी पेला घेतला. मी आणि आत्या उभेच होतो. घोट तोंडात गेला, डोळे मिटले. आत्यानं माझा दंड घट्ट धरला होता. घोट या गालातून त्या गालात गेला, परत आला, पुन्हा गेला.

"बरं आहे," आतोबा म्हणाले.

आत्या रडायलाच लागली. आतोबा गोंधळून म्हणाले, "अगं, बरं आहे म्हणालो मी." "ऐकलं," ती म्हणाली, "म्हणून तर."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पाणी गोड झालं, कंबर वाचली, सगळं घरच्या डब्यात आणि पेन्शनीत बसलं. पण महिनाभरातच आतोबा जेवताना थांबायला लागले. "आमटीला चव नाही." आत्या म्हणे, नेहमीचीच डाळ, नेहमीचंच आमसूल. आतोबांचा संशय फिल्टरवर. त्यांनी डबा खोलला, कांडी घासली, कोळसा बदलला, तोटी उकळून काढली. पाणी उत्तम. आमटी मात्र बेचव. मलाही ते जाणवत होतं, आणि संध्याकाळी खाली येऊन बसलं तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. फिल्टरचा थेंब थेंब आवाज तेवढा यायचा. एकदा जेवता जेवता आतोबांनी सहज विचारलं, "त्या खालच्या वाडीतल्या मुलीचं जमत होतं, त्याचं काय झालं गं?"

"मला काय ठाऊक?" आत्या म्हणाली. "मी कुठं जाते हल्ली?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. ती आमटी वाढत होती ती वाढत राहिली. आतोबांचा हात मात्र पानातच राहिला. ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मुलगी पाहायला गेले होते तेव्हा राहिलेलं बघणं ते आता पुरं करताहेत, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओसरीवरून जाहीर केलं, "मी सगळं तपासलं. पिण्याला फिल्टरचं पाणी चालतं, आमटीला नाही चालत. आमटीला विहिरीचंच हवं." पाण्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोण बोलणार? आत्या म्हणाली, "आणि ते आणणार कोण?" आतोबांनी कोपऱ्यातली कळशी उचलली आणि तिच्या हातात रिकामा गडू दिला. "मी आणीन. पण मला विहिरीवरचं काही कळत नाही. तू बरोबर चल."

मिठागराच्या खात्यातले निवृत्त नाना, धोतर खोचून, खांद्यावर कळशी घेऊन पाखाडी उतरताहेत आणि पायरीपायरीला मागे वळून आत्याला हात देताहेत, हे पाहायला गाव दारात आला. सरपंचांनी विचारलं, "काय नाना, नळ असताना?" "आमटीसाठी," आतोबा म्हणाले आणि पुढे गेले. विहिरीवरच्या बायका पुरुष आलेला पाहून आधी गप्प झाल्या. तेव्हा आतोबांनी कळशी तिथेच ठेवली आणि लांब देवळाच्या पायरीवर विहिरीकडे पाठ करून बसले. मागे हळूहळू बोलणं सुरू झालं, मग हसणं, मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एखादी मध्येच म्हणे, "आत्याबाय, नाना खोळंबल्यात न्हवं?" आतोबा पाठ न वळवता म्हणत, "नाही, नाही. पाणी सावकाश भरा. घाईनं भरलेल्या पाण्याला चव नसते." मग भरलेली कळशी घेऊन ते घरी येत आणि वाटेत आत्या त्यांना सगळं सांगत येई. "मग सासू काय म्हणाली?" हे मला पार बेड्यापासून ऐकू यायचं. आमटीची चव त्याच दिवशी परत आली.

मी एकदा त्यांना एकटं गाठून विचारलं, "आतोबा, खरंच आमटीला फिल्टरचं पाणी चालत नाही?" त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज उतरवला. "अरे, आमटीला काय, कुठलंही पाणी चालतं. तिला सांगू नकोस."

मी कधी सांगितलं नाही. पुढे माझी बदली झाली, लग्न झालं, बिऱ्हाड पनवेलला गेलं. आतोबा अखेरपर्यंत कळशी नेत राहिले. शेवटी शेवटी ती अर्धीच भरत, पण नेत. ते गेल्यावर मी चौलला गेलो, तेव्हा परत निघताना आत्यानं घासूनपुसून आदल्या रात्रीच भरून ठेवलेला तो पितळेचा फिल्टर मला दाखवला. "हा तू घेऊन जा. तुमच्याकडे पाणी वाईट आहे म्हणतोस ना." मी म्हटलं, "आणि तू?" ती म्हणाली, "मला नळाचं चालतं. मला कुठं जीभ आहे?"

मला राहवलं नाही. आता सांगायला काय हरकत, असं वाटलं. म्हटलं, "आत्या, एक सांगू? ते आमटीचं काही खरं नव्हतं."

ती हसली. "तू मला सांगणार? जन्मभर आमटी करतेय मी. आमटीला कुठलंही पाणी चालतं हे मला माहीत नसेल? पहिल्यांदा मलाही बरं वाटलं, चार बायका भेटल्या. पण पुढे ती पाखाडी उतरताना कंबर भरून यायची रे. दोनदा म्हणणार होते की आता पुरे." तिनं फिल्टरवरचा एक डाग पदरानं पुसला. "पण ह्यांना माझ्याबरोबर चालायला इतकं आवडायला लागलं होतं, की म्हटलं, जाऊ दे. चालू आपलं."

मग उठून तिनं फिल्टरची तोटी सोडून मला पेला भरून दिला आणि समोर उभी राहिली. मी डोळे मिटले. घोट या गालातून त्या गालात फिरवला. चव मला काही कळली नाही.

"बरं आहे," मी म्हटलं.